चांदवडचे पान

आमच्या घरी सकाळ आधी कानांना कळे, मग डोळ्यांना. पंचवटीतल्या त्या चढत्या गल्लीत उजेड उशिरा उतरे. पण त्याआधीच खाली घाटावर ओली धोतरे दगडावर आपटू लागत, आणि पलीकडच्या काठावरून त्या प्रत्येक आवाजाला अर्ध्या श्वासाच्या अंतराने त्याचेच उत्तर येई. मी अंथरुणात डोळे मिटून त्या दोन आवाजांमधली रिकामी जागा ऐकत पडून राही. मग वास येत: प्रथम ओल्या दगडाचा, मग रात्रभर पाण्यात राहून काळवंडलेल्या झेंडूचा, मग आईने चुलीवरून नुकत्याच गॅसवर आणलेल्या संसारातल्या तापत्या तुपाचा. या सगळ्यांच्या तळाशी एक वास कायमचा बसलेला असे. तो वह्यांचा होता. जुना कागद, खारव्याचे लाल कापड आणि वाळवी लागू नये म्हणून ठेवलेली वेखंडाची कांडी मिळून तो झाला होता. आजही कुठे वेखंड उगाळले की मला पाय पोटाशी घेऊन झोपावेसे वाटते.

माझे वडील, अण्णा, तीर्थोपाध्याय होते. कुणी आप्ताच्या अस्थी घेऊन गोदावरीवर आला की तो आपल्या गावच्या उपाध्यायाचे घर शोधत येई. अण्णा त्याला गाव विचारत, आडनाव विचारत, आणि भिंतीतल्या फडताळातून त्या गावची लांबट वही काढून गुडघ्यावर उघडत. चांदवड, सटाणा, नांदगाव अशी गावे आमच्या घरात उभ्या पाठींनी एकमेकांना टेकून राहत. वहीत आलेल्याच्या आजापणजाची नावे निघत. मग अण्णा लेखणी त्याच्या हाती देत आणि म्हणत, "तुमच्या हातानं लिहा." नाव, गाव, जात, कुणाच्या अस्थी, ज्याचे त्याने लिहायचे. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी अण्णा लिहीत आणि बाजूला त्याचा अंगठा घेत. एक नियम मात्र देवाच्या वरचा होता. वहीतले काही खोडायचे नाही. चूक झाली तरी तिच्याखाली "वरील ओळ चुकीची आहे" असे लिहायचे आणि तिलाही नांदू द्यायचे. बायकांनी त्या वह्यांत लिहू नये असा नियम कुणी सांगितलेला नव्हता. तो सांगावा लागत नसे.

मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते आणि एका माणसाच्या प्रेमात पडले होते, जो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी भयकादंबरीत राहत असे. तळ्याकाठी टेकडीवर एक ओलसर गढी, चालणाऱ्याच्या मागे डोळे फिरवणारी पूर्वजांची तैलचित्रे, कुलूपबंद खोलीतून येणारी चरख्याची घरघर. आणि या सगळ्यात शहरातून परतलेला सरदाराचा धाकटा मुलगा, कोटाच्या खिशात जहाल पत्रके भरलेला. जेवणाच्या मेजावर, कुळांच्या देखत, तो उठून सांगतो की मला बाप नाही, फक्त माणसे आहेत. पुढच्या प्रकरणात तो आपले नाव टाकून देतो. शेवटी बंद खोलीचे कुलूप फोडून घराण्याची सारी कागदपत्रे तो चुलाण्यात घालतो आणि धुक्यात निघून जातो. त्याने स्वतःच टाकलेले नाव मी इथे उचलून ठेवत नाही. ते पुस्तक मी फडताळाशेजारी बसून वाचत असे, त्यामुळे त्या गढीला माझ्या मनात कायम वेखंडाचा वास आहे.

आमच्या इंग्रजीच्या बाईंनी त्या तरुणाचे स्वभावचित्रण लिहायला दिले होते. ज्याचे उत्तम ठरेल त्याने ते दसऱ्यानंतर वाङ्मय मंडळात वाचायचे. मी अकरा पाने लिहिली. "हा तरुण म्हणजे भूतकाळाला लावलेली काडी आहे," या वाक्यावर मी इतकी खूश होते की ते जिन्यात एकटीच म्हणून पाहत असे. बाईंनी वही परत केली तेव्हा त्या वाक्याखाली रेघ होती आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलेले होते: "वाक्य सुंदर. पण तू याचे फक्त बोलणे ऐकलेस. याचे हात काय करतात ते पुन्हा पाहा." मला राग आला. हात कागद जाळतात; याहून अधिक काय पाहायचे, असे मला वाटले.

आईला माझ्या या माणसाची कल्पना होती. वरणाला फोडणी देता देता ती विचारी, "जाळून झालं का गं तुझ्या सरदाराचं घर?"

"अजून नाही."

"मग तोवर भात उतरव. तो जळायला नको."

त्या श्रावणात अण्णांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आताच्यासारखे तासाभरात घरी सोडत नसत. डोळ्यांवर हिरवी झापड बांधून अण्णा आतल्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून होते. त्यांना मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढेच आवडू लागले होते, आणि भरवताना आई त्यांच्या ओठांपाशी चमचा नेऊन थोडी थांबे, वास त्यांना आधी पोहोचावा म्हणून. घाटावरची कामे चुलतकाका पाहत. पण घरी येऊन कुणी वही मागितली की अण्णा आतून म्हणत, "सुमन, दाखव गं त्यांना." असे त्या वह्यांना माझे हात लागले. बाहेर सारखी रिमझिम असे. पाने दमट होऊन जड झालेली, उलटताना आवाजच करत नसत. पाण्याखाली काहीतरी उलटावे तशी ती उलटत.

अशाच एका दुपारी तो आला. आई शेजारी मंगळागौरीच्या फराळाला मदत करायला गेली होती, अण्णांना डोळा लागला होता. दारात माझ्याच वयाचा एक मुलगा उभा, खादीचा सदरा खांद्यावर भिजलेला, कुठल्यातरी सभेचा कागदी बिल्ला अजून छातीवर. त्याने नाव सांगितले, भास्कर. आडनाव विचारले तर म्हणाला, सोडले. गाव चांदवड, शिकायला इथेच, होस्टेलवर. आडनावाशिवाय पान कसे शोधू, असे मी म्हटल्यावर त्याने नाइलाजाने ते सांगितले, तोंडातला खडा काढून ठेवावा तसे.

"काय दाखवू?" मी विचारले.

"दाखवायचं काही नाही. माझं नाव आहे त्यात, ते काढायचंय."

"लोक इथे नाव घालायला येतात."

"तेच तर. वर जात लिहिलेली आहे ना? उद्या माझं पोरगं येईल, म्हणेल मी कोण, अन् तुम्ही वही उघडून सांगाल, तू अमक्या जातीचा. मला ते नको. माझ्यापाशी ते संपलं पाहिजे."

"आमच्याकडे लिहिलेलं खोडत नाहीत."

"कोण खोडत नाहीत?"

"अण्णा."

"आणि तुम्ही?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारलेला नव्हता. तळ्याकाठची गढी सोडून, धुक्यातून चालत, माझा सरदारपुत्र आमचा जिना चढून आला होता आणि ओल्या सदऱ्यात माझ्यासमोर उभा होता. मी पान काढले. ते अख्खे पान त्याच्याच घराण्याचे होते. मध्यावर त्याच्या वडिलांनी, शंकररावांनी, स्वतःच्या वडिलांच्या अस्थी आणल्या तेव्हा लिहिलेल्या तीन ओळी होत्या. आणि तळाशी, शंकररावांच्याच अस्थी चुलत्याने आणल्या तेव्हा आठ वर्षांच्या भास्करने लिहिलेले आपले नाव, प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीचे.

तो वाकला. त्याने बोट ठेवले ते स्वतःच्या नावावर नाही, मधल्या ओळींवर. त्याचे ओठ हलत होते. ओळ संपली तसे बोट पुन्हा सुरुवातीला आले आणि त्याने ती दुसऱ्यांदा वाचली. मग तो सरळ झाला आणि म्हणाला, "काढा." दोरा कापायची अण्णांची लहानशी सुरी फडताळातच असे. मी पान शिवणीपासून बोटभर सोडून कापले. ओल्या कागदाने काही आवाज केला नाही. त्याने त्यावर फुंकर घातली, शाई ओली असल्यासारखी. घडी न घालता त्याची हलकी गुंडाळी केली, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाची गुंडी लावली.

"गोदावरीत सोडतो," तो म्हणाला.

मी गॅलरीत जाऊन त्याला पाहत राहिले. पाऊस थांबून गल्लीत पांढरट उजेड साठला होता. त्या उजेडातून तो गल्ली चढत वर गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. त्या संध्याकाळी मी निबंधाला बारावे पान जोडले.

पितृपक्षात एका सकाळी जिन्यात पायांपेक्षा आधी कांद्याचा वास चढला. मागोमाग गिरजाबाई आल्या, डोक्यावर गोणपाटाची पिशवी. चांदवडच्या शेतातला कांदा त्या दर वर्षी आणत, आणि आमच्याकडे चातुर्मासात कांदा चालत नसल्यामुळे तो कार्तिकीपर्यंत गॅलरीत टांगून राही. त्या महिन्यांत आमचे सोवळे घर मुकाट्याने त्याचा वास घेत असे. त्या दर पितृपक्षात येतात हे मला ठाऊक होते. कशासाठी येतात ते ठाऊक नव्हते, कारण ती माझी कॉलेजची वेळ असे. त्या दिवशी सुट्टी होती. अण्णांची झापड निघाली होती, पण चष्मा अजून आला नव्हता. त्यांना माणसांच्या जागी नुसता उजेड आणि सावल्या दिसत.

"या गिरजाबाई," आवाजावरून ओळखून अण्णा म्हणाले. "भास्कर काय म्हणतो?"

"त्यो काय म्हनतो ते सभेतल्या लोकायला इचारा, गुरुजी. घरी नाय सांगत." त्या पदराने तोंड पुसत बसल्या. "म्हनला, म्या आडनाव टाकलं. म्हनलं, टाक बाबा, वल्या कापडाचं वझं लय व्हतं. चपला तेवढ्या टाकू नको, नव्या हायेत."

आई आत हसली. अण्णाही हसले, आणि म्हणाले, "सुमन, चांदवडची वही आण. त्यांचं पान काढून दे. त्या बोट ठेवतील, तू वाचून दाखव."

मग मला समजले. गिरजाबाईंना वाचता येत नव्हते. घरात नवऱ्याचा, शंकररावांचा, फोटो नव्हता. त्याच्या हातचे असे जगात एवढेच उरले होते, तीन ओळी. आणि वर्षातून एकदा त्या चांदवडहून एस. टी.ने येऊन त्यांवर बोट ठेवून जात.

मी वही उघडली. कापलेल्या पानाची पट्टी शिवणीत उभी होती. त्या क्षणी सांगायला हवे होते. इतक्या वर्षांनंतरही, पहाटे जाग आली की, मी त्या क्षणाशी जाऊन उभी राहते. मी पुढचे पान उघडले, दुसऱ्याच कुठल्यातरी घराण्याचे, आणि ते त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी बोट पुढे केले. कांदा चिरून चिरून फाटलेले, मातीच्या रेघा मुरलेले ते बोट मी एका परक्या ओळीवर नेऊन ठेवले आणि त्या दुपारी वाचून पाठ झालेले म्हणू लागले, "मौजे चांदवड, वडील कैलासवासी..." माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता.

बोट ओळीच्या शेवटाशी गेले आणि थांबले. ते खाली गेले, काहीतरी शोधून परत वर आले.

"ह्ये नाय ते," गिरजाबाई म्हणाल्या.

"हेच आहे," मी म्हणाले.

"नाय पोरी. त्यायच्या नावाच्या शेवटाला खाली लांब शेपूट हाय. माझ्या बोटाच्या पेरावानी. ह्याला नाय."

शंकर. शेवटच्या र ची ती शेपटी. मी ते पान पाहिले होते, वाचले होते, कापले होते, आणि ती शेपटी मला दिसली नव्हती. घाटावर कुणीतरी धोतर आपटले; पलीकडून उत्तर आले. अण्णांनी माझ्या सावलीकडे चेहरा वळवला. मी सांगितले. सगळे सांगितले, सुरीपासून गोदावरीपर्यंत.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली, हातातली पळी तशीच. गिरजाबाईंनी पट्टीवर बोट फिरवले. मग त्यांनी शांतपणे विचारले, "त्यानं फाडलं, का नेलं?"

"नेलं."

"चुरगाळून?"

"नाही. गुंडाळी करून. खिशात ठेवलं."

"कंच्या खिशात?"

"सदऱ्याच्या. वरच्या."

"गुंडी लावली का?"

"लावली."

"अन् गेला कुठल्या अंगाला?"

मी तोंड उघडले आणि तेव्हा कुठे मला ते दिसले. आमच्या गल्लीत गोदावरी खाली आहे. "वर गेला," मी म्हणाले.

गिरजाबाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरले. "मंग नाय टाकनार," त्या म्हणाल्या. "ल्हान व्हता तवा त्याचा लाकडाचा बैल मोडला. फेकून येतो म्हनला लय रागात, अन् गेला मळ्याकडं. इहीर व्हती दुसऱ्या अंगाला. चार महिन्यानं गोठ्याच्या वळचणीला घावला मला त्यो बैल, फडक्यात बांधलेला. म्या नाय काढला. ऱ्हाऊ द्या म्हनलं." मग त्या म्हणाल्या, "पर माझं काय? म्या कुठं बोट ठिवू?"

अण्णा माझ्यावर कधी ओरडले नाहीत, त्या दिवशीही नाही. ते एवढेच म्हणाले, "सुमन, दौत आण. झालं ते लिही." आणि पट्टीशेजारच्या पानाच्या रिकाम्या माथ्यावर, त्यांच्या सांगण्यावरून, मी लिहिले की येथील पान भास्कर याने मागितल्यावरून मी कापून दिले. "कुणी कापून दिलं?" अण्णा म्हणाले. "नाव लिही. तुझ्या हातानं." त्या वह्यांत घरच्या मुलीचे नाव तसे प्रथमच आले, अपराध्याचे म्हणून. मग त्यांनी शंकररावांच्या तीन ओळी मला आठवणीतून पुन्हा लिहायला लावल्या. शेवटच्या अक्षरापाशी गिरजाबाई सरकत जवळ आल्या. त्यांच्या श्वासाला बाजरीच्या भाकरीचा आणि मिरचीच्या ठेच्याचा वास होता.

"अजून खाली," त्या म्हणाल्या. "अजून. आता जरा डावीकडं. त्यायचा हात वळायचा तिथं. हां."

शाई वाळली तेव्हा त्यांनी तिथे बोट ठेवले, डोळे मिटले, आणि बराच वेळ उचलले नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत मी ती कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी फक्त हात पाहत. तेव्हा सापडले. कागद जाळण्याआधी तो तरुण प्रत्येक कागद उलगडतो आणि मोठ्याने वाचतो. कादंबरीत तसे स्पष्ट लिहिले आहे. जाळण्याला तीन दिवस लागले. जाळायला घटका पुरली असती, तीन दिवस वाचायला लागले. मी बारा पाने बाजूला ठेवली आणि पाच नवी लिहिली. ती काडीवरची ओळ काढून टाकली. त्याचे बंड खोटे होते असे मी लिहिले नाही, आजही लिहिणार नाही. मेजावर तो जे बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा होता. एवढेच लिहिले की सोडून जाणाऱ्याला काय सोडतो आहोत ते पाठ असते. मंडळात वाचायला बाईंनी दुसऱ्या कुणाचा तरी निबंध निवडला. माझ्या समासात त्यांनी फक्त विचारले होते, "हे तुला कोणी शिकवले?"

परवा माझ्या भाच्याने, जो आता त्या वह्यांचे फोटो काढून संगणकात ठेवतो आहे, फोनवर विचारले, "आत्या, चांदवडला एक पान मिसिंग दिसतंय. आणि शेजारच्या पानावर तुझं नाव कसं?" मी म्हटले, लिहून पाठवते. गंगापूर रोडच्या या चौथ्या मजल्यावरून नदी दिसत नाही. पण खिडकी उघडी ठेवून लिहायला बसले की कुणाच्या तरी गॅलरीत धुणे झटकल्याचा आवाज येतो आणि मी उगीच उत्तराची वाट पाहते.

गिरजाबाई पुढे तीन पितृपक्ष आल्या. चौथ्या वर्षी, मी दिवाळीला माहेरी आलेली असताना, भास्कर आला. हातात तांब्या होता, तोंडाला फडके बांधलेला. "मी हे मानत नाही," तो दारातच म्हणाला. "आई मानत होती." अण्णांनी मान डोलावली. जाड भिंगांतून त्यांनी वही उघडली, गाव विचारले, आईचे नाव विचारले. जात विचारली नाही. इतक्या वर्षांत ती न विचारताना मी त्यांना तेव्हाच पाहिले. लेखणी पुढे करून ते म्हणाले, "तुमच्या हातानं लिहा."

त्याने आईचे नाव लिहिले. मग स्वतःचे, आडनावाशिवाय: गिरजाबाईंचा भास्कर. ओळ पुरी करून तो लेखणी पुसू लागला. मी वाकून पाहिले. शेवटचा र कागदावरून खाली उतरला होता, बोटाच्या पेराएवढा, आणि टोकाशी जरा डावीकडे वळला होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे. भास्करचे लक्ष नव्हते. त्याचा हात सदऱ्याच्या वरच्या खिशापाशी गेला होता आणि गुंडी चाचपून पाहत होता. शाई पुरती वाळेपर्यंत अण्णांनी वही उघडीच ठेवली.